अमोनियाचा बोळा

"बोडखे, बोळा आणा," डॉ. उदावंत म्हणाले, आणि शेवंतामावशी आधीच हसायला लागल्या.

विभागातल्या आया त्या, आता काय होणार ते त्यांना माहीत होतं. अपघात विभागात सगळ्यांनाच माहीत होतं. मी कपाटातून तपकिरी बाटली काढली, कापसाचा बोळा चिमट्यात धरून अमोनियात बुडवला आणि तीन नंबरच्या खाटेकडे गेलो.

मी ब्रदर. दवाखान्यात सिस्टर असतात तसा ब्रदर. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात, तेव्हा मला चौदा वर्षं झाली होती. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक त्या एकाच दवाखान्याला शिव्या देतील आणि बाकीचे सुटतील.

बेशुद्ध म्हणून आणलेली माणसं खरी बेशुद्ध आहेत का, हे बघायची आमची एक रीत होती. सासूशी भांडून पडलेली सून, नापास होऊन दातखीळ बसलेली पोरगी, असं कोणी आलं की बोळा नाकाशी धरायचा. सूनबाई ताडकन उठून बसायची. नातेवाईक हसायचे, डॉक्टर हसायचे, मी बाटलीचं झाकण लावायचो. माझा हात त्यात बसलेला होता. नवे डॉक्टर यायचे ते आधी मलाच विचारायचे, "ब्रदर, खरं का नाटक?" मी सांगायचो, ते लिहायचे. 'फंक्शनल' असा शब्द आहे त्याला. नाटकालाच इस्त्री मारून केलेला.

तीन नंबरवर बावीस वर्षांची मुलगी होती. बारीक कापलेले केस, खाकी ट्रॅकपँट, एका पायात पांढरा बूट, दुसरा कुठेतरी पडलेला. पोलीस प्रशिक्षण केंद्रातून आणली होती. सोबत तिथल्या हवालदार बाई होत्या, मंगल दुधाळ. आणि मुलीची आई. ती सकाळच्या एसटीने गावाहून आली होती, हातात कापडी पिशवी, पायात वेगवेगळ्या रंगाचे अंगठे असलेली चप्पल.

"नाव?" उदावंतांनी विचारलं.

"सुकेशनी खिल्लारे," दुधाळ म्हणाल्या. "भरतीत आठशे मीटरला पहिली आलेली पोरगी आहे ही, साहेब. पहिला महिना झकास केला. मग डोकं दुखतं, ताप आहे, सुरू झालं. मग रडणं. मग झोप नाही. आठ दिवसांपूर्वी कवायत चालू असताना मधेच उभी राहिली आणि म्हणते, मॅडम, सगळे माझ्याबद्दलच बोलतात. परवापासून बोलणं बंद. नुसतं एक, दोन, एक, दोन. आज सकाळी मैदानात पडली."

"परीक्षा कधी आहे?"

"कवायतीची? सोमवारी."

उदावंतांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. परीक्षा सोमवारी आणि पोरगी गुरुवारी पडते. आम्हाला अजून काय पाहिजे होतं?

मी बोळा नाकाखाली धरला. तिचं तोंड झटक्यात बाजूला गेलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, घशातून आवाज निघाला. मग पुन्हा पहिल्यासारखी पडली. ओठ मात्र हलत राहिले, सुपारी चघळावी तसे.

"वास कळतो," मी म्हणालो. "शुद्धीत आहे."

मग दुसरी परीक्षा. तिचा हात उचलून तिच्याच तोंडावर धरला आणि सोडून दिला. खरा बेशुद्ध असेल त्याचा हात तोंडावर आदळतो. हिचा हात हवेतच राहिला.

"बघा. हात सांभाळते. नाक फुटायची भीती आहे बाईंना."

शेवंतामावशी खो-खो हसल्या. दुधाळसुद्धा हसल्या. मीही हसलो.

आई हसली नाही. "साहेब," ती म्हणाली, "माझी लेक नाटक करणारी न्हाई. तिला नाटक येत असतं तर शाळेत गॅदरिंगला घेतली असती. गुरुजी म्हणायचे, खांब पाहिजे असला की सुकेशनीला उभी करा."

"मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा," मी म्हणालो.

"मी बसते. पर तुम्ही तिला हसू नका. ती ऐकते."

तो शब्द तिने साधाच म्हटला. मी बाटलीला झाकण लावलं.

डॉ. उदावंत वाईट माणूस नव्हता. सत्तावीस वर्षांचा पोरगा, सरकारी सेवेचा बाँड पुरा करायला आलेला, सकाळपासून सत्तर पेशंट तपासून पायावर उभा. त्याने शांत करण्याचं इंजेक्शन लिहिलं, मी दिलं. केसपेपरवर त्याने 'फंक्शनल' लिहिलं आणि खाली मनोरुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी. मनोरुग्णालय विभागाच्या शहरात, पाच तासांवर. प्रशिक्षण केंद्राची गाडी बाहेर उभी होतीच. ड्रायव्हर म्हणाला, पाचला निघू.

तेव्हा साडेतीन वाजले होते.

दुधाळ माझ्या मागोमाग ड्रेसिंगच्या खोलीत आल्या. पन्नाशीच्या बाई, पाठीत थोड्या वाकलेल्या, पण आवाज मैदानावरचा. आता तो आवाज त्यांनी खाली आणला होता.

"ब्रदर, चिठ्ठीत काय लिहिलंय?"

"मानसिकला पाठवतोय."

"अहो, मग पोरगी संपली की. एकदा त्या गेटातून आत गेली की आमचे प्राचार्य तिला परत घेणार नाहीत. बंदूक द्यायची असते आम्हाला हातात. आणि गावात तर तुम्हाला माहीतच आहे."

"मग काय लिहू? तुम्हीच तर म्हणता नाटक करते."

"तेच लिहा ना मग! नाटक असेल तर मी तिला उन्हात दहा फेऱ्या मारायला लावीन, दोन कानाखाली देईन, नोकरी तरी राहील. तुम्ही म्हणे पडद्यामागून बघून पकडता. पकडा की तिला. मला लेखी द्या."

हीसुद्धा आमची रीत होती. बोळ्याने न उठणारं कोणी असलं तर खाटेभोवती हिरवा पडदा ओढायचा, सगळ्यांनी मोठ्याने बोलत बाहेर जायचं, आणि मी पडद्याच्या फाटक्या जागेतून बघत राहायचं. बघणारं कोणी नाही असं वाटलं की नाटक करणारा माणूस थांबतो. डोळे उघडतो, कूस बदलतो, घामोळं खाजवतो. अशी मी कितीतरी पकडली होती.

मी पडदा ओढला. "चला, चला, हिला झोपू द्या," असं मोठ्याने म्हटलं. शेवंतामावशी चपला वाजवत गेल्या. मी बूट काढून मागच्या बाजूने आलो आणि डोळा लावला.

ती एकटी होती. डोळे अर्धे उघडे, छताकडे. इंजेक्शनने एव्हाना तिला गाढ झोप लागायला हवी होती. तिचं अंग मात्र लाकडासारखं ताठ झालं होतं. आणि तोंड चालू होतं. ओठ मिटायचे, पुढे यायचे, जीभ बाहेर येऊन आत जायची, जबडा एका बाजूला सरकायचा, पुन्हा चघळणं. लाळ कानाकडे वाहत होती. एक माशी आली, ओठावर बसली, डोळ्याच्या कोपऱ्यात बसली. पापणी हलली नाही. तोंड थांबलं नाही.

मी घड्याळ लावून दहा मिनिटं बघितलं. मग पडदा बाजूला करून आत गेलो आणि तिची नाडी धरली. एकशे चाळीस. पाच मिनिटांनी पुन्हा धरली. चोपन्न. तिने बोटभरही हालचाल केली नव्हती. थर्मामीटर लावला. शंभरच्या वर ताप.

मी खाटेजवळचं स्टूल ओढलं आणि बसलो. कितीजण म्हणाले नंतर, ब्रदर तेव्हा विचार करत होते. मी विचार करत नव्हतो.

चार वाजले तेव्हा उठलो.

उदावंत एका पोराच्या डोक्याला टाके घालत होते.

"सर, तीन नंबरची चिठ्ठी थांबवा."

"का?"

"ती नाटक करत नाही."

"आत्ता तुम्हीच बोळा लावला ना?"

"लावला."

"हात तुम्हीच टाकून बघितला."

"बघितला. सर, बोळ्याने एवढंच कळतं की नाक जिवंत आहे."

त्यांनी सुई थांबवली. "चौदा वर्षं हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

मी टाक्यांच्या दोऱ्याचा ट्रे त्यांच्याजवळ सरकवला.

"बरं, नाटक नसेल तर मानसिक असेल. तिकडेच तर पाठवतोय."

"मानसिकला नाडी एकशे चाळीस आणि पाच मिनिटांत चोपन्न होते? ताप येतो? कोणी बघत नसताना तोंड चालू राहतं? इंजेक्शन दिल्यावर शांत व्हायची सोडून ती काष्ठ झालीय. मुजावर मॅडमना बोलवा."

"मॅडमची ओपीडी संपली. घरी जेवायला गेल्या असतील. काय सांगू फोनवर? ब्रदरना वाटतंय म्हणून?" मग जरा नरम होऊन म्हणाले, "बोडखे, मी सहीनिशी लिहून बसलोय. प्रशिक्षण केंद्राला फोन झालाय. आता खोडाखोड करू?"

"खोडू नका. मी नवीन केसपेपर काढतो."

"आणि काही नाही निघालं तर?"

"तर सांगा, ब्रदर चुकला."

"तुम्ही तर कधी चुकत नाही ना?"

"चुकलो असेन," मी म्हणालो. "मागे जाऊन तपासायला कोण गेलं होतं?"

फोन मीच लावला. डॉ. शहनाझ मुजावर आमच्या फिजिशियन. सगळा दवाखाना त्यांना टरकून असायचा.

"मॅडम, बोडखे बोलतोय, अपघात विभाग."

"बोला. कोण गेलं?"

"अजून कोणी नाही."

मी सांगितलं, जेवढं बघितलं तेवढं. तोंडाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मधेच थांबवलं.

"झोपेतसुद्धा?"

"झोप म्हणता येणार नाही. पण कोणी बघत नव्हतं."

"तुम्ही बघत होता ना?"

"तिला माहीत नव्हतं."

"येते. तिला आता कोणी एक थेंब इंजेक्शन देऊ नका. आणि गाडी सोडू नका."

गाडी सोडू नका, हे सोपं नव्हतं. पावणेपाचला ड्रायव्हर स्ट्रेचर मागायला आला. मी म्हणालो, पाच मिनिटं. तो म्हणाला, घाट अंधारात लागतो. आईने पिशवी उचलली होती. तिला कोणीतरी सांगितलं होतं की मोठ्या दवाखान्यात नेतायत. कोणता मोठा, ते सांगितलं नव्हतं. शेवंतामावशी स्ट्रेचर घेऊन आल्या तेव्हा मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"सरका ब्रदर, काय पोरकटपणा."

"मावशी, ढकलायचं तर माझ्या पायावरून ढकला."

तेवढ्यात बाहेर स्कूटर लागली. मुजावर मॅडम आत आल्या, ओढणीला हात पुसत. कोणाशी काही न बोलता तीन नंबरपाशी गेल्या. नाडी, रक्तदाब, मान वाकवून बघितली. मग त्यांनीही तिचा हात उचलला आणि हवेत सोडला. हात तसाच राहिला. मॅडमनी तो थोडा वळवला. तो वळवला तसाच राहिला, दुकानातल्या बाहुलीसारखा.

"हे नाटक म्हणून कोणी लिहिलं?"

उदावंतांनी खाली बघितलं. "मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

"ती हात सांभाळत नाहीये. हाताला खाली यायचंच कळत नाहीये." मग आईकडे वळून, "ताई, आधी ताप आला होता?"

"पंधरा दिवसांमागं. फोनवर म्हणाली, आई, डोकं फुटतंय. मग म्हणाली, आई, इथं सगळे माझंच बोलत्यात. मी म्हणलं, बाई, तू पहिली आलीस, बोलणारच." ती थांबली. "मी तिला म्हणलं, जरा सोस."

"घरात कोणाला फिट, वेड?"

"आमच्या सात पिढ्यांत वेड न्हाई."

"हिलाही नाही," मॅडम म्हणाल्या.

आईने ते ऐकलं आणि तिथेच फरशीवर बसली. स्टूल दिलं तरी त्यावर बसली नाही.

दुधाळ पुढे आल्या. "मॅडम, मग आहे काय? मला वर सांगायला लागेल."

"मेंदूला सूज आहे. शरीरात रोगाशी लढायला शिपाई असतात ना, ते हिच्या स्वतःच्या मेंदूवर तुटून पडलेत, असा मला संशय आहे. दोन-तीन ठिकाणी अशा मुलींबद्दल वाचलंय. सगळ्यांना आधी वेड्यातच काढलेलं. समजा तुमच्याच फोर्सने आपल्याच ठाण्यावर लाठीमार केला तर?"

"होतं की कधीकधी," दुधाळ म्हणाल्या.

मॅडम पहिल्यांदा हसल्या.

त्याच संध्याकाळी पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. त्यात ज्या पेशी असायला नकोत त्या निघाल्या. सात वाजता तिला पहिला झटका आला, आणि तो आमच्या खाटेवर, ऑक्सिजनच्या नळीजवळ आला. पाचची गाडी गेली असती तर घाटात आला असता. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत अंडाशयात लिंबाएवढी गाठ दिसली. त्या गाठीशी लढायला तयार झालेलं सैन्य मेंदूवर घसरलं होतं. वैद्यकीय महाविद्यालयात नेऊन गाठ काढली. गाठीत केस निघाले. आईला ते कळलं तेव्हा तिने मॅडमना विचारलं, "कुणी घातले?" मॅडम म्हणाल्या, "कुणी नाही ताई. शरीर कधीकधी वेड्यासारखं करतं. माणूस नव्हे."

पाच महिने लागले. रक्ताची तपासणी बाहेर पाठवली होती तिचं उत्तर आलं, मॅडमचा संशय खरा निघाला. कागदावर 'मेंदूचा दाह' लिहिलं गेलं, त्यामुळे प्रशिक्षण केंद्राने तिला पुढच्या तुकडीत घेतलं. त्यासाठी दुधाळ प्राचार्यांच्या केबिनबाहेर दोन दिवस बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

पंधरा ऑगस्टला माझा सत्कार झाला. शाल, नारळ, प्रमाणपत्र. पत्रकाराने विचारलं, डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही ते तुम्ही कसं ओळखलं?

"अनुभव," मी म्हणालो.

त्याने तसंच छापलं.

*

सहा वर्षांनी एका दुपारी एक महिला शिपाई आरोपीला वैद्यकीय तपासणीसाठी घेऊन आली. उंच, केसांचा घट्ट अंबाडा, हातात बेडीची साखळी. आरोपीला तिने बाकावर बसवलं, साखळी खिडकीच्या गजाला अडकवली आणि माझ्या टेबलापाशी आली.

"बोडखे ब्रदर ना?"

"हो."

"मी खिल्लारे. तीन नंबर."

मी उभा राहिलो. का ते कळलं नाही.

"बसा हो," ती म्हणाली. "आईने तुमचा पेपरातला फोटो देवळीत ठेवलाय. बाबासाहेबांच्या खाली. मी म्हणते, अगं, माणूस जिवंत आहे. ती म्हणते, असू दे."

चहा मागवला. ती म्हणाली, त्या दिवसांतलं तिला काही आठवत नाही. मैदान आठवतं, आणि एकदम महाविद्यालयाच्या दवाखान्यातला पंखा आठवतो. मधले तीन महिने कोरे.

"एक सोडून," ती म्हणाली. "एक वास आठवतो. नाकातून डोक्यात खिळा ठोकल्यासारखा. आणि कोणीतरी हसत होतं. पुरुषाचा आवाज. मला ओरडायचं होतं, हसू नका, मला येत नाहीये, पण तोंड माझं नव्हतंच. अजून कधीकधी त्या हसण्याने जाग येते. तुम्ही इथेच होता ना तेव्हा? कोण होता तो?"

बाकावरचा आरोपी आमच्याकडे बघत होता.

"मी," मी म्हणालो.

तिने कप खाली ठेवला. मग पोलीस विचारतात तसं विचारलं, आवाज न चढवता.

"आणि तासाभराने तुम्हीच गाडी अडवली?"

"हो."

"तासाभरात असं काय झालं?"

सहा वर्षं हा प्रश्न शाल घेऊन चुकवला होता. तिला सांगितलं.

तिच्या चार वर्षं आधी एक मुलगी आली होती. एकोणीसची. तिचंही तोंड असंच चालू. मी बोळा लावला, तिचं तोंड फिरलं, मी नाटक म्हणालो. आजूबाजूला दहा माणसं होती, सगळी हसली. मग पडदा ओढून मी मागून बघितलं. ती एकटी होती आणि तोंड चालूच होतं. थांबलं नाही. मी बराच वेळ बघितलं.

"मग?"

"मग पडदा सोडला आणि चहाला गेलो."

"का?"

"दहा माणसांसमोर नाटक म्हणून झालं होतं."

"आणि ती मुलगी?"

"तिला मनोरुग्णालयात पाठवलं. तिसऱ्या दिवशी वारली. बाप कागदांच्या नकला न्यायला आला होता. मला ओळखलं त्याने. हात जोडले, म्हणाला, ब्रदर, तुम्ही लई केलं, पोरीचंच नशीब. मी म्हणालो, हो." "त्या वेळी हा आजार कोणाला माहीत नव्हता, बाई. इथे कोणाच्या पुस्तकातसुद्धा नव्हता."

"पुस्तकात नव्हता," खिल्लारे म्हणाली. "तुमच्या डोळ्यांसमोर होता."

आरोपीला आत बोलावलं. ती गेली, तपासणी झाली, कागद घेऊन परत आली. मला वाटलं आता निघेल. तिने खिशातली डायरी काढली, पेन उघडलं.

"नाव काय तिचं?"

"आठवत नाही."

"आठवू नका. शोधा. तुमच्याकडे रजिस्टर असतं." डायरीच्या कोऱ्या पानावर तिने आपला नंबर लिहिला, पान फाडून दिलं. "माझी आई पाच महिने गावात मान वर करून चालली नव्हती. माझ्या बहिणीला बघायला आलेले पाहुणे दारातून परत गेले. मी बरी झाले म्हणून ते धुतलं गेलं. त्या घरात कोण धुणार?"

जुनी रजिस्टरं शवागाराशेजारच्या खोलीत होती. उंदरांनी कडा खाल्लेल्या. पाळी संपल्यावर जायचो. चौथ्या दिवशी सापडलं. सोजर अंकुश गव्हाणे, वय १९, राहणार सावरखेडा. शेरा: फंक्शनल. सही डॉक्टरांची. अक्षर माझं.

फोन केला.

"रविवारी माझी सुट्टी आहे," ती म्हणाली. "सकाळी आठला स्टँडवर थांबा. मी वर्दीत येते."

"वर्दी कशाला?"

"पोलीस आले की गाव गोळा होतं. मला गाव गोळा करायचंय. पोरगी वेडी नव्हती हे चारचौघांत सांगायचं, घरात बसून नाही. आणि सांगायचं तुम्ही. मी नुसती उभी राहणार. बघू दे त्यांना, याच आजारातून उठलेली बाई कशी दिसते."

सावरखेड्यात ती म्हणाली तसंच झालं. आम्ही गव्हाण्यांच्या दारात पोचलो तोवर मागे तीसेक माणसं जमली होती. अंकुश गव्हाणे ओसरीवर दोरी वळत बसला होता. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. आत चुलीपाशी एक बाई, तिशीला टेकलेली, कपाळ मोकळं, गळा मोकळा. सोजरची थोरली बहीण असावी, लग्नाविना राहिलेली. ती वर्दी बघून उंबऱ्यात येऊन थांबली.

"कोण आलंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी नाव सांगितलं, दवाखाना सांगितला.

त्याने दोरी बाजूला ठेवली. आवाजाच्या दिशेने तोंड करून दोन्ही हात जोडले.

"ब्रदर! एवढ्या लांब आलात? बसा, बसा. आगं, पाणी आण." मागच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ह्ये आपल्या सोजरचे ब्रदर. लई केलं होतं यांनी."

खिल्लारे माझ्या शेजारी सावधानमध्ये उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"नाही," मी म्हणालो.